सूर्याचें गणित आणि उघडी रीत

शाळेंत उदाहरणाचें उत्तर बरोबर आलें तरी रीत दाखविल्यावांचून पूर्ण गुण मिळत नाहींत. हाच दंडक शास्त्रालाही लागू आहे. परंतु गणित गणकयंत्राकडे गेलें, तेव्हां रीत यंत्राच्या पोटांत दडण्याचें भय उत्पन्न झालें.

अमेरिकेनें २०१० सालीं अंतराळांत पाठविलेली सूर्यवेधशाळा दर बारा सेकंदांनीं सूर्याचीं चित्रें टिपूं लागली. दिवसाला सुमारें दीड टेराबाइट माहिती! ती नुसत्या डोळ्यांनीं कोण चाळणार? आणि न चाळून भागत नाहीं. मार्च १९८९ मध्यें एका सौर वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास बंद पाडली होती.

स्टुअर्ट ममफर्ड या सौरशास्त्रज्ञाची वाटचाल येथें उद्बोधक ठरते. इंग्लंडांतील शेफील्ड विद्यापीठांत त्यांनीं सूर्यावरील चुंबकीय नलिकांत उठणाऱ्या लहरींचा अभ्यास केला. सूर्यावर प्रयोग करणें अशक्य. म्हणून नलिकेच्या तळाशीं उभे, आडवे, भोंवऱ्यासारखे धक्के बसल्यास काय होईल, हें गणकयंत्रांतच पाहिलें. सहकाऱ्यांसह लिहिलेला तो निबंध २०१५ सालीं प्रसिद्ध झाला.

परंतु त्यांचें नांव अधिक निगडित झालें तें ‘सनपाय’ या आज्ञावलीशीं. तोंपर्यंत सौरशास्त्राचीं बहुतेक गणनसाधनें आय. डी. एल. नांवाच्या, परवाना विकत घेऊन वापरावयाच्या भाषेंत होतीं. ज्याच्यापाशीं परवान्यापुरता पैसा नाहीं, त्यानें दुसऱ्याचा निष्कर्ष वाचावा. पडताळूं मात्र नये, अशी ही स्थिति! २०११ च्या सुमारास अमेरिकेंतील गोडार्ड अंतराळ केंद्रांत कांहीं शास्त्रज्ञांनीं पायथन या विनामूल्य भाषेंत नवीं साधनें रचण्यास आरंभ केला. ममफर्ड त्या कार्यांत शिरले आणि पुढें प्रमुख रचनाकार झाले. प्रत्येक ओळ जगापुढें उघडी. चूक दिसल्यास कोणीही दाखवावी, दुरुस्ती सुचवावी. पहिली पूर्ण आवृत्ति २०१९ सालीं निघाली. पुढें हवाईमधील मावी बेटावरील, ४ मीटर आरशाच्या इनुये सौर दुर्बिणीच्या माहितीसाठींही त्यांनीं अशींच साधनें लिहिलीं.

या श्रमाला मोल द्यावें लागतें. विद्वानाची योग्यता निबंधांच्या संख्येवरून मोजली जाते. इतरांसाठीं अवजारें घडविण्यांत गेलेले दिवस त्या हिशेबांत क्वचितच धरले जातात. तथापि निबंध एकाचा असतो. चांगलें अवजार पुढच्या शेंकडों निबंधांना आधार देतें. पाणपोई घालणाऱ्याचें नांव वाटसरू विचारीत नाहीं, पण त्याची तहान भागल्यावांचून राहत नाहीं.