एकशेवीस पायऱ्या



मी घोडेगावचा. नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, संभाजीनगरकडे निघालात की हमरस्त्यावर आमचं गाव लागतं. शनिशिंगणापूरला जाणारे इथूनच वळतात. आमच्याकडे पाणी म्हणजे मुळेचा कालवा आणि हिरवं म्हणजे ऊस नाहीतर कांद्याची पात. तेव्हा चारी बाजूंनी पाणी आणि मधे झाडांनी गच्च भरलेला डोंगर, असं काही समोर आलं की आमच्यासारख्याची नजर जरा हावरट होते. असं बेट आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या गेटवेपासून लाँचनं तासाभराच्या अंतरावर, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात. घारापुरी. तिथल्या लेण्यांवर जाणकार पुष्कळ बोलले आहेत. मी आज बोलणार आहे तिथल्या वाटांबद्दल.

डोंगरातल्या वाटांचं वर्णन करायची एक ठरलेली रीत आहे. सोपी, मध्यम, अवघड. एखाद्या वाटेपुढे लिहिलेलं असतं, ‘सर्वांसाठी’. हे लिहिणारा बहुधा तिशीतला असतो आणि त्याचे दोन्ही गुडघे शाबूत असतात. आमच्या घोडेगावला गुरांचा मोठा बाजार भरतो. तिथं पैसे मोजण्याआधी गिऱ्हाईक बैलाला चालवून बघतं. पाऊल कसं टाकतो, खूर घासतो का, मागचा पाय ओढतो का. जनावराच्या बाजारात हे ठीकच आहे. पण डोंगराच्या पायथ्याशी आपण माणसाचीही हीच पारख करतो. याला जमेल, हिला जमणार नाही. वाटेला मात्र कुणी विचारत नाही, की बाई, तू कुठं कुठं लंगडतेस?

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आम्ही तिला आपा म्हणतो, आणि गावही तिला आपाच म्हणतं. आमचं घर मण्याराचं, बांगड्यांचं. आपाला लहानपणी पोलिओ झाला. तेव्हा आमच्या खेड्यात डोस पोचलेला नव्हता. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मोठी गोष्ट झाली. पण ज्यांना त्याआधी झाला, ती माणसं आहेतच. आज ती पन्नाशी-साठीत आहेत, आणि वयाचं दुखणं जुन्या दुखण्यावर येऊन बसलं आहे. आपाच्या डाव्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी. घरात आम्ही दखनी बोलतो, पण आपाचे हिशेब मराठीत चालतात. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी घासाघीस केल्याचा परिणाम. तिला समुद्र बघायचा होता, आणि समुद्रातला डोंगरही.

घारापुरीची चढण बेटावर सुरू होते असं नकाशा बघून वाटतं. ती गेटवेच्या धक्क्यावरच सुरू होते. ओल्या दगडी पायऱ्या, आणि पुढं लाटेवर वरखाली होणारी लाँच. कधी लाँचला लाँच लावलेली असते. मग एकीतून दुसरीत जायचं. भरती-ओहोटीप्रमाणे पायरी आणि लाँच यांच्यातलं अंतर बदलत राहतं. तरण्या माणसाची ही उडी असते, आपासारखीची ती खिंड असते. दोघा खलाशांनी तिला बगलेत धरून अलगद आत ठेवलं. माणसं चांगली होती. पण लाँच सुटल्यावर आपा मला म्हणाली, ‘उचललं ते ठीक रे, पण आधी विचारायचं तरी.’

अठरा डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. आम्ही गेलो ते त्यानंतर. लाईफ जॅकेट चढवल्याशिवाय कुणाला बसू देत नव्हते. आपानं ते ओढणीवरून चढवलं आणि सगळ्या पट्ट्या स्वतः आवळल्या.

यावर उपाय नाही असं नाही. केरळात कोचीला एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो धावते. तिथले धक्के तरंगते आहेत. पाणी चढलं की धक्का चढतो, पाणी उतरलं की उतरतो; बोटीची आणि धक्क्याची पातळी एकच राहते. चाकाची खुर्ची सरळ आत जाते. गेटवेजवळ रेडिओ क्लबच्या बाजूला नवी प्रवासी जेट्टी बांधायला २०२५ मध्ये घेतली, त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. वाद गर्दीचा, वाहनांचा आणि किनाऱ्याच्या रूपाचा होता. पाय उचलून ठेवता न येणारा प्रवासी तिथून बोटीत कसा चढेल, याचीही चर्चा तेवढ्याच मोठ्यानं व्हायला हवी.

बेटावर उतरलं की पहिली वाट सपाट आहे. समुद्रात लांबवर आलेला धक्का, दोन्हीकडे चिखल आणि त्यात खारफुटी. या धक्क्यावरून छोटी आगगाडी चालते, पोराटोरांच्या जत्रेतल्यासारखी. लोक हसत बसतात तिच्यात. पण म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया आणि आपा, सगळ्यांना ती एकाच तिकिटावर पायथ्याशी नेते आणि यातलं कोण अधू, कोण धडधाकट, हे तिकीट विचारत नाही. मला ही गोष्ट फार आवडली.

मग पायऱ्या लागतात. एकशेवीस. दोन्ही बाजूंना दुकानं, वर निळी-पिवळी ताडपत्री, माळा, दगडी हत्ती, काकडीवाल्या बाया, आणि काकडीवर डोळा ठेवून बसलेली माकडं. या दुकानांनी वाट चोंदली अशी तक्रार पुष्कळ जण करतात. आपाचं मत उलटं पडलं. तिला दुकानाचा खांब म्हणजे कठडा आणि दुकानदारणीचं स्टूल म्हणजे विसावा. वीस पायऱ्या झाल्या की एक दुकान, असं तिनं गणित बांधलं. एका बांगड्यांच्या दुकानापुढं तर ती चांगली पंधरा मिनिटं बसली, माल हाताळला, भाव विचारला आणि ‘फिरोजाबादचा माल आहे, इथला म्हणून नको सांगूस’ असं त्या मुलीला ऐकवून उठली. दोघी हसल्या. वर पोचायला आम्हाला सव्वा तास लागला.

पायथ्याशी डोलीवाले असतात. खुर्चीला दोन दांडे, चार खांदे. त्यांनी आपाला विचारलं, तिनं नको म्हटलं. त्यातला एक गडी गुडघ्याला पट्टा बांधून उभा होता. आपाची नजर त्या पट्ट्यावर होती.

माणसानं माणसाला वाहून न्यावं का, हा प्रश्न सोपा नाही. माथेरानला मोटारींना बंदी, त्यामुळं तिथं पिढ्यानपिढ्या माणसांनी माणसांना हातरिक्षातून ओढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्यायचा मार्ग दाखवला. निकाल मला पटतो. विशेषतः त्यातला दुसरा भाग, कारण नुसतं बंद करा म्हटलं असतं तर ओढणारा उपाशी आणि बसणारा घरी. माथेरानचीच आणखी एक गोष्ट. सर आदमजी पीरभाई नेरळला आले आणि वर जायला वाहन न मिळाल्यानं परत फिरले, असं सांगतात. तिथून रेल्वेची कल्पना निघाली, आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०७ साली नेरळ-माथेरान गाडी सुरू करून दाखवली. वाटेत अडकलेल्या माणसाकडे पैसा असला की रेल्वे होते. आपासारख्या अडकतात तेव्हा त्यांना म्हणतात, तुम्ही खालीच बसा.

घारापुरीच्या पायऱ्यांवर ई-रिक्षा चालणार नाही. उतार बांधायचा तर आपल्याकडचा दंडक आहे एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायरी अर्ध्या फुटाची धरली तर साठ फूट चढ, म्हणजे सातशेवीस फूट उतार, मधल्या थांब्यांची जागा वेगळी. जागतिक वारशात १९८७ पासून असलेल्या डोंगरावर हे करावं की नाही, यावर माणसं प्रामाणिकपणे भांडू शकतात. मीही ‘कराच’ असं म्हणणार नाही.

लेण्यात पोचल्यावर आपा त्या त्रिमूर्तीसमोर बराच वेळ बसली. वीसेक फुटांचं ते दगडी शांतपण. ती काही बोलली नाही, मीही नाही.

लेण्यांच्या पुढं एक वाट रानातून वर जाते, तोफांच्या टेकडीवर. माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या दोन अजस्र तोफा आहेत. खरी डोंगरवाट ती. आपानं मला तिकडं पाठवलं. मी घामाघूम होऊन परतलो आणि समुद्राचं, गलबतांचं वर्णन करायला लागलो, कवीच्या सवयीनं जरा सजवून. तिनं मधेच थांबवलं. ‘ते राहू दे. कठडा कुठपर्यंत आहे? बसायला कुठं जागा आहे? सगळ्यात उंच पायरी केवढी?’ मी परत गेलो आणि बघून आलो. तिनं ऐकलं, मनाशी मोजलं आणि म्हणाली, ‘अर्धी जमली असती. आता नको, लाँच चुकेल.’

श्रोतेहो, मला म्हणायचं आहे ते एवढंच. वाटेच्या तोंडाशी एक फलक लावा आणि त्यावर ‘सोपी’ लिहू नका. किती पायऱ्या, सर्वांत उंच पायरी किती इंचांची, कठडा कुठून कुठवर, पहिला विसावा कितव्या पायरीला, पाणी कुठं, परत फिरायची जागा कुठं, हे लिहा. याला निधी लागत नाही, टेप लागते. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. २०११ च्या जनगणनेत अशी माणसं दोन कोटी अडुसष्ट लाख मोजली गेली. शिवाय गुडघे दुखणारे, पोटुशी बाया, दम लागणारे यांना तर कुणी मोजलंच नाही. यातला प्रत्येक जण आपलं आपण ठरवू शकतो, आधी माहिती मिळाली तर.

आमच्याच जिल्ह्यात अकोल्याला कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथल्या कड्यांना लोखंडी शिड्या बसवल्यात. नवरात्रात आसपासच्या आयाबाया त्या शिड्यांवरून देवीला जातात. त्या शिड्यांना कुणी ‘अपंगांची सोय’ म्हणत नाही. पट्टीचा गिर्यारोहकही मुकाट त्याच शिडीनं चढतो.

उतरताना आपा डोलीत बसली. उतार गुडघ्यावर चढापेक्षा जास्त येतो, हे तिला माहीत होतं. भाव तिनं ठरवला, पट्टेवाल्या गड्याला दोन ठिकाणी थांबायला लावलं, आणि खाली आल्यावर ठरल्यापेक्षा थोडे जास्त दिले. आमच्या बांगड्यांच्या धंद्यात हे मी तिला कधी करताना पाहिलेलं नाही.

आता तिनं माथेरानचं मनात घेतलं आहे. स्टेशनात उतरल्यावर सर्वांत जवळचा पॉइंट कोणता, तिथवर चढ किती आणि बाकं कुठं कुठं आहेत, हे कुणा श्रोत्याला ठाऊक असेल तर आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. नुसतं ‘सोपं आहे’ असं उत्तर मात्र आपाला चालत नाही.