‘मी’ घडवणारा मेंदू



बाजरी पेरण्याआधी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून ढवळतात, हे शेतकरी घरांतून आलेल्या मंडळींना ठाऊक असेल. वर तरंगणारे काळपट दाणे काढून जाळून टाकतात, तळाचे बी धुऊन सावलीत वाळवतात. ते काळपट दाणे म्हणजे अरगट या बुरशीच्या गाठी. युरोपात याच कुळातली बुरशी राय नावाच्या धान्यावर पडते. मध्ययुगात तिची भाकरी खाऊन गावेच्या गावे आजारी पडत. बोटे काळी पडून गळत, आकडी येई, भ्रम होई.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत, आल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ अरगटमधल्या द्रव्यांपासून औषधे बनवण्याचे काम करत होते. १९३८ साली त्यांनी एलएसडी तयार केले. प्राण्यांवर काही विशेष दिसले नाही, म्हणून ते बाजूला पडले. पाच वर्षांनी त्यांनी ते पुन्हा हाती घेतले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतले. हे वजन मिठाच्या चार-पाच कणांएवढे आहे. युद्धामुळे गाडी मिळेना, म्हणून सहायिकेला सोबत घेऊन ते सायकलवरून घरी निघाले. सायकल जागची हलतच नाही असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते वेगाने चालले होते. घरी दूध घेऊन आलेली ओळखीची शेजारीण त्यांना चेटकिणीसारखी दिसली. आपल्यात कोणी शिरले आहे, आपण मरतो आहोत, या भीतीने ते गोठून गेले. डॉक्टरांनी तपासले, तर विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच सापडले नाही.

शरीर जवळजवळ जसेच्या तसे होते आणि त्यात राहणारा ‘मी’ तेवढा डळमळला होता. आज मला बोलायचे आहे ते या ‘मी’विषयी.

आपल्याला वाटते की ‘मी’ ही एक वस्तू आहे. डोळ्यांच्या मागे कुठेतरी बसलेली, बाहेरचे पाहणारी, हुकूम देणारी. मेंदूत अशी जागा सापडत नाही. तिथे सापडते ते सतत चाललेले एक काम. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात, आपण मात्र आणखी एक आहे असे धरून पाऊल टाकतो आणि सगळे अंग हादरते. मेंदूने पायरी आधीच मांडून ठेवलेली असते, पाय तिच्यावर पडतो. जगाविषयी असे अंदाज मेंदू दर क्षणी बांधतो आणि इंद्रियांकडून आलेल्या खबरीवरून दुरुस्त करतो. माझे अंग कुठे संपते, मी काल कोण होतो, उद्या काय करीन, हेही त्याचे अंदाजच. फक्त हे अंदाज इतके जुने आणि इतके मुरलेले असतात की ते अंदाज आहेत हे आपल्याला कळतही नाही.

२००१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल यांनी एका जाळ्याचे वर्णन केले. माणूस समोरच्या कामात गुंतला की हे जाळे शांत होते. नुसता बसून राहिला की जागे होते: आठवणी, बेत, लोक आपल्याला काय म्हणतील याचा घोर. त्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. आपली गोष्ट आपल्यालाच सांगत राहणे हे या जाळ्याचे एक मोठे काम आहे.

एलएसडी किंवा विशिष्ट अळंब्यांतले सायलोसायबिन या कामात ढवळाढवळ करते. सिरोटोनिन हे मेंदूतले निरोप्या रसायन, आणि चेतापेशींवर ते स्वीकारणारे ग्राही असतात. त्यांतल्या ‘५-एचटी-२ए’ या ग्राहीला ही द्रव्ये जाऊन चिकटतात. हे ग्राही मेंदूच्या बाह्यकात, विशेषतः वेगवेगळ्या इंद्रियांची खबर एकत्र जुळवणाऱ्या भागांत, दाट असतात. १९९८ साली झुरिकमध्ये फ्रांत्स फोलेनवायडर यांनी स्वयंसेवकांना आधी केटान्सेरिन हे औषध दिले. त्याने हा ग्राही अडवला गेला आणि सायलोसायबिनचे भास उमटले नाहीत. भासांची वाट मुख्यतः याच एका फाटकातून जाते हे त्यातून ठरले. एलएसडीचा अंमल दहा-बारा तास का टिकतो याचाही अंदाज २०१७ मध्ये आला. सिरोटोनिनच्या एका ग्राहीत एलएसडीचा रेणू शिरला की ग्राहीचाच एक भाग झाकणासारखा त्याच्यावर मिटतो.

मग आत काय घडते? २०१२ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि सहकाऱ्यांनी ३० जणांना सायलोसायबिन देऊन त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. एवढे रंग, एवढे भास, तर मेंदू पेटून उठला असेल असा सर्वांचा कयास. दिसले उलटेच. त्या ‘मी’च्या जाळ्याच्या मुख्य चौकांत रक्तप्रवाह कमी झाला होता. पुढे २०२४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातच सात निरोगी माणसांचे स्कॅन सायलोसायबिनच्या आधी, अंमल असताना आणि नंतर कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा घेतले गेले. एरवी प्रत्येकाच्या मेंदूतली जाळी बोटांच्या ठशासारखी वेगळी असतात. अंमलाखाली हे ठसेच पुसट झाले. एका तालात चालणाऱ्या पेशी बेताल झाल्या, आणि सर्वांत जास्त याच जाळ्यात. याच प्रयोगातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच अवस्थेत माणसाला शब्द आणि चित्र जुळवण्याचे साधे काम दिले, तर हा विस्कळीतपणा कमी होई. घाबरलेल्या माणसाला आपण ‘माझ्याकडे बघ, माझा हात धर’ म्हणतो, त्यालाही मेंदूत काही आधार असावा.

आता अवघड भागाकडे येतो. ‘मी’ विरघळला, सगळ्या चराचराशी एकरूप झालो, अंतिम सत्य कळले, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. आपल्याकडे मीपण गळण्याला संतांनी सर्वांत वरचे स्थान दिले, त्यामुळे मराठी श्रोत्याला इथे मोह होतो की संतांची अवस्थाच एका गोळीत सापडली. हा मोह मला मान्य नाही. झुरिकच्याच काट्रिन प्रेलर यांनी २०१७ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या दृष्टीने अर्थपूर्ण आणि निरर्थक अशी दोन्ही तऱ्हेची गाणी ऐकवली. एलएसडीच्या अंमलाखाली निरर्थक गाणीही त्यांना अर्थाने भरलेली वाटू लागली. आधी केटान्सेरिन दिले तेव्हा तो अर्थ उमटला नाही. ‘हे फार खोल आहे’ ही जाणीवसुद्धा मेंदू घडवतो आणि रसायनाने ती वाढवता येते. म्हणून अनुभव किती उत्कट होता यावरून तो खरा ठरत नाही. संतांचे मोजमाप त्यांच्या वर्षानुवर्षांच्या वागण्यात होते, एका दुपारच्या भासात नव्हते.

उपचारांबाबतही मी इतक्याच सावधपणे बोलेन. नैराश्यात माणूस ‘मी नालायक, माझे काही होणार नाही’ या एकाच चरकात पिळून निघतो. तो घट्ट झालेला ‘मी’ थोडा सैल झाला तर सुटका होईल, ही कल्पना पटण्यासारखी आहे आणि चाचण्यांत काही रुग्णांना खरोखर उतार पडला आहे. पण २०२१ मध्ये लंडनच्या ५९ रुग्णांच्या चाचणीत सायलोसायबिन आणि एस्सिटॅलोप्राम हे नेहमीचे औषध यांच्यात, आधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर, निर्णायक फरक आढळला नाही. शिवाय अशा चाचण्यांत खरे औषध कोणाला मिळाले हे रुग्णाला बहुतेकदा तासाभरात उमगते. मग आशेचा परिणाम किती आणि द्रव्याचा किती, हे वेगळे काढायचे कसे? चाचणीत दोन प्रशिक्षित माणसे दिवसभर शेजारी बसून असतात, आधी आणि नंतर बोलणी होतात, ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे त्यांना घेतलेच जात नाही. पार्टीत कोणी एलएसडी म्हणून हातावर ठेवलेल्या कागदाच्या तुकड्यापाशी यातले काहीही नसते. त्या तुकड्यावर काय आहे हेही कोणाला माहीत नसते.

आपल्या देशात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने एलएसडी आणि सायलोसायबिन दोन्हींवर बंदी आहे. समोर बसलेल्या तरुण मित्रांना माझे कळकळीचे सांगणे आहे: हा प्रयोग स्वतःवर करू नका. आणि ज्यांच्या घरात कोणी महिनोन्‌महिने उदास आहे, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही म्हणते आहे, त्यांनी त्या माणसाला या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. तेवढे धैर्य होत नसेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.