इंजिनाच्या तेलातील धातूंचे अंश

नाशिकजवळील ओझर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ ते सुखोई-३० या लढाऊ विमानांसाठी ओळखला जातो. अशा विमानांच्या इंजिनांची झीज ती न उघडता ओळखण्याचा एक जगन्मान्य मार्ग म्हणजे वंगणतेलातील सूक्ष्म धातू-अंशांचे मापन होय. बेअरिंग किंवा दंतचक्रे झिजू लागली की लोह, तांबे, चांदी यांचे कण तेलात उतरतात, आणि त्यांचे प्रमाण एक किलो तेलात काही मिलिग्रॅम इतके अल्प असते. वापरलेल्या तेलात मात्र काजळी, धूळ आणि मुद्दाम घातलेली रसायनेही असल्याने, पूर्वी ते जाळून, राख आम्लात विरघळवून धातू मोजण्याची खटपट करावी लागे.

फिरत्या चकतीच्या वर्णपटमापकाने हे काम स्वयंचलित केले: ग्रॅफाइटची चकती तेल वर उचलते, विद्युत ठिणगीत ते जळते, तप्त अणू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात आणि यंत्र तो विलग करून अनेक धातूंची नोंद एकदमच, सुमारे अर्ध्या मिनिटात करते. साधारण दहा मायक्रॉनहून मोठे कण मात्र ठिणगीत पुरते वाफ होत नाहीत, आणि धोक्याची झीज बहुधा त्याच कणांत असते, ही या पद्धतीची खरी मर्यादा होय; म्हणूनच तेलमार्गात लोहकण पकडणारे चुंबकही बसवलेले असतात.

तपासणीसाठी तेलाचा नमुना, इंजिन थांबताच, कण तळाशी बसण्यापूर्वी घेतला पाहिजे; हे काम आजही बहुतांशी माणसाच्याच हाती आहे.