चाकांवरचें घर आणि डोंगरावरची वाट

‘कॅरव्हान’ हा शब्द कानीं पडला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें वाळवंटांतून संथपणें चालणारी उंटांची रांग उभी राहते. मूळचा फारशी ‘कारवान’ तो हाच. परंतु ऑस्ट्रेलियांत या शब्दाचा अर्थ अगदीं निराळा झाला आहे. मोटारीच्या मागें आंकड्याला जोडलेलें, बिछाना, चूल, पाण्याची टांकी आणि छोटेसें कपाट पोटांत घेऊन फिरणारें चाकांवरचें घर, त्याला तेथें कॅरव्हान म्हणतात. नोकरींतून निवृत्त झालेलीं जोडपीं असें घर जोडून महिनेच्या महिने देशभर हिंडत असतात. पिकल्या केसांचे भटके, असेंच त्यांना तिकडे म्हणतात. आपल्याकडे साठी उलटली म्हणजे काशीयात्रेचे वेध लागत; तिकडे समुद्राचे, वाळवंटाचे आणि डोंगराचे लागतात, एवढाच काय तो फरक.

आज ज्या प्रवासाची हकीकत सांगावयाची आहे, तो ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागांतील पर्वतप्रदेशाचा आहे. ऑस्ट्रेलिया म्हणजे उन्हानें भाजलेलें सपाट मैदान, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि ती बव्हंशीं खरीही आहे. परंतु व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांत ऑस्ट्रेलियन आल्प्सची जी रांग पसरली आहे, तिच्यावर दर हिंवाळ्यांत बर्फ पडतें. कॉशियुस्को हें तिचें सर्वांत उंच शिखर २,२२८ मीटरांचें आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या उंचीची कल्पना येईल. पोलंडचा प्रवासी स्ट्रझेलेकी यानें १८४० सालीं आपल्या देशाच्या एका स्वातंत्र्यवीराचें नांव त्या शिखराला दिलें. हीं शिखरें हिमालयासारखीं टोंकदार नाहींत. कोट्यवधि वर्षांच्या ऊनपावसानें त्यांचे माथे झिजून वाटोळे झाले आहेत. कॉशियुस्कोचा परिसर १९४४ सालीं राखून ठेवण्यांत आला व १९६७ सालीं तो राष्ट्रीय उद्यान झाला. व्हिक्टोरियाच्या बाजूचें आल्पाइन राष्ट्रीय उद्यान १९८९ सालचें आहे.

मेलबर्नहून निघालेला प्रवासी ईशान्येस वांगारॅटा गांवीं येतो. तेथून बेअर्न्सडेलपर्यंत ३०८ किलोमीटर लांबीचा ‘ग्रेट आल्पाइन रोड’ पर्वत ओलांडून जातो. ब्राइट गांवापर्यंत रस्ता ओव्हन्स नदीच्या खोऱ्यांतून सुखानें चालतो. येथें रस्त्याच्या कडेला परदेशांतून आणून लावलेलीं झाडें एप्रिल-मेमध्यें लाल-पिवळीं होतात; कारण तिकडील ऋतुचक्र युरोपच्या उलट, आणि नाताळ येतो तो भर उन्हाळ्यांत. हॅरिएटव्हिल मागें पडलें कीं मात्र खरी चढण सुरू होते. सुमारें तीस किलोमीटरांत रस्ता जवळजवळ तेराशें मीटर वर चढतो. वळणामागून वळण, एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी. अशी वाट मागें घर ओढीत चढणें हें नवशिक्याचें काम नव्हे. म्हणून शहाणा प्रवासी आपलें घर खालच्या तळावर ठेवून नुसती मोटार घेऊन वर जातो.

घर बरोबर न्यावयाचेंच असेल, तर निघण्यापूर्वीं आंकडा नीट अडकला आहे ना, सांखळ्या बांधल्या आहेत ना, गॅस बंद आहे ना, टायरांत हवा पुरेशी आहे ना, हें स्वतः वांकून पाहावें लागतें. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. म्हणून उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाच्या ओढीनें वेग आवरावा. मागें मोटारींची रांग लागली, तर रुंद जागा पाहून बाजूस थांबावें व सर्वांना पुढें जाऊं द्यावें. रस्ता आपल्या एकट्याचा नव्हे, हें या शेवटच्या नियमाचें तात्पर्य. डोंगराच्या माथ्यावर पोंचल्यावर तेंच तात्पर्य प्रवाशाला पुन्हां एकदां, परंतु फार निराळ्या रीतीनें शिकावें लागतें.

चढतांना झाडें बदलत जातात. प्रथम लागतो तो आल्पाइन ॲश, निलगिरीच्या कुळांतला उंच, सरळसोट वृक्ष. मोठा वणवा लागला म्हणजे हा वृक्ष मरतो आणि राखेंत पडलेल्या त्याच्या बियांतून नवें रान उगवतें. परंतु नव्या रोपाला बीं धरण्यास सुमारें वीस वर्षें लागतात. तेवढ्यांत दुसरा वणवा आला, तर तें रान पुन्हां उभें राहत नाहीं. २००३ सालीं आणि २०१९-२० च्या उन्हाळ्यांत या पर्वतांत प्रचंड वणवे पेटले; कित्येक उतारांना ती वीस वर्षांची मुदत मिळालीच नाहीं. त्याहून वर स्नो गम नांवाचीं, वाऱ्यानें पिळवटलेलीं बुटकीं झाडें दिसतात. पावसानें भिजलीं म्हणजे त्यांच्या सालीवर तांबडे, हिरवे, करडे पट्टे चमकूं लागतात. आणि सर्वांत वर केवळ गवत, झुडपें आणि शिळांचे ढीग.

या शिळांच्या ढिगांतच या प्रवासांतील सर्वांत नवलाचा रहिवासी राहतो. १८९५ सालीं रॉबर्ट ब्रूम या शास्त्रज्ञानें न्यू साउथ वेल्समधील वोंबेयन येथील गुहांत मिळालेल्या अश्मीभूत हाडांवरून एका चिमुकल्या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. तो प्राणी केव्हांच नामशेष झाला, अशीच समजूत पुढें सत्तर वर्षें होती. आणि १९६६ सालीं माउंट होथॅमवर, बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांच्या एका झोपडींत तोच प्राणी जिवंत सांपडला! माउंटन पिग्मी पॉसम हें त्याचें नांव. वजन अवघें ४५ ग्रॅमच्या आसपास. उंदराएवढा, लांब शेंपटीचा, आणि कांगारूप्रमाणें पोटाच्या पिशवींत पिलें वाढविणारा. बर्फ पडूं लागलें कीं शिळांच्या फटींत तो महिनेच्या महिने निजून राहतो.

या पॉसमच्या माद्या वरच्या, खाण्यापिण्याची सोय असलेल्या शिळांत राहतात. नर खालच्या बाजूस. वसंतांत नर वर येतात आणि विणीचा काळ संपला कीं परत खालीं जातात. हें परत जाणेंही तितकेंच आवश्यक असतें. कारण ते वरच राहिले, तर हिंवाळ्यापूर्वीं माद्यांच्या व पिलांच्या तोंडचा घांस कमी होतो. होथॅमजवळच्या हिगिनबॉथम डोंगरावर मोटारींचा रस्ता आणि खेळांसाठीं केलेलीं बांधकामें यांनीं शिळांचा तो पट्टाच तोडला. ज्या रस्त्यानें दोन शहरें जोडलीं, त्यानेंच एका कुटुंबाचीं दोन घरें तोडलीं. हिंवाळा संपतांना अशा ठिकाणीं जिवंत उरणाऱ्या माद्यांचें प्रमाण, न तोडलेल्या भागापेक्षां कमी भरलें.

तेथील जाणत्यांनीं यावर जो उपाय केला, तो लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यांनीं रस्ता उखडून टाकला नाहीं, किंवा ‘एवढ्याशा उंदरासाठीं काय’ म्हणून हातही झटकले नाहींत. १९८५ सालीं रस्त्याखालून बोगदे काढून त्यांच्या दोन्ही तोंडांशीं शिळांचे तुकडे रचले, म्हणजे पॉसमला आपल्याच घरांतून चालल्यासारखें वाटावें. लवकरच नर त्यांतून ये-जा करूं लागले, आणि माद्यांच्या जगण्याचें प्रमाण पूर्ववत् झालें. लोकांनीं कौतुकानें त्याला ‘प्रेमाचा बोगदा’ म्हटलें. वरून जाणाऱ्या कित्येक प्रवाशांना आपल्या चाकांखालीं दुसरी वाट आहे, याची वार्ताही नसते.

परंतु सर्वच वाटा बोगद्यांनीं सांधतां येत नाहींत. या पॉसमचें वसंतांतील मोठें अन्न म्हणजे बोगाँग पतंग. क्वीन्सलंडपासूनच्या मैदानांत वाढलेले हे पतंग रात्रीं उडत, कांहीं तर एक हजार किलोमीटर अंतर तोडून, या पर्वतांच्या थंड कपारींत उन्हाळा घालविण्यास येतात. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, दिशा ओळखण्यासाठीं हा इवलासा जीव ताऱ्यांनीं भरलेल्या आकाशाचा उपयोग करतो. तेथील मूळचे रहिवासी उन्हाळ्यांत या पतंगांसाठीं डोंगरावर जमत व भाजून ते खात. गुनाइकुर्नाई लोकांच्या मुलखांतील क्लॉग्ज गुहेंत सांपडलेल्या एका सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या दगडी पाट्यावर या पतंगांचे अवशेष मिळाले आहेत. इतका जुना हा पाहुणा. पण २०१७ व २०१८ सालच्या दुष्काळांत त्याची संख्या एकाएकीं कोसळली, आणि कित्येक पॉसम माद्यांचीं पिलें पिशवींतच दगावलीं. त्यांतच शहरांचे झगझगीत दिवे या पतंगांना वाट चुकवितात. कॅनबेरा येथील पार्लमेंटच्या इमारतींत दिव्यांना भुलून त्यांचे थवे शिरल्याच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत.

होथॅम ओलांडून प्रवासी ओमिओ गांवीं उतरतो, तेथून बेअर्न्सडेलला, आणि समुद्राकांठच्या हमरस्त्यानें कॅन रिव्हर गांठून उत्तरेस मोनॅरो हमरस्त्यानें कूमा गांवाकडे वळतो. हा मुलूख १९४९ ते १९७४ या काळांत पार पडलेल्या स्नोई पर्वतयोजनेचा. पुढें कांहीं अंतरावर यूकंबीनचें विशाल सरोवर आहे. त्याचें पाणी चढणार म्हणून १९५७ च्या सुमारास ॲडामिनबी गांवांतील घरें वाहनांवर चढवून नव्या जागीं नेण्यांत आलीं. हौसेनें चाकांवर घर घेऊन आलेल्या प्रवाशाला तें स्थळ पाहून क्षणभर विचार पडावा. कारण येथें घरांना चाकें लागलीं तीं हौसेनें नव्हेत.

शेवटचा मुक्काम जिंडबाइनचा. येथें घर तळावर ठेवून मोटारीनें शार्लट पासपर्यंत जावें. याच ठिकाणीं २९ जून १९९४ रोजीं शून्याखालीं २३ अंश, म्हणजे ऑस्ट्रेलियांतील सर्वांत कमी तपमान नोंदलें गेलें. एके काळीं येथून मोटार थेट कॉशियुस्कोच्या माथ्याजवळ जात असे. १९७७ सालीं, डोंगराची झीज पाहून, हा रस्ता लोकांच्या मोटारींना बंद करण्यांत आला. आतां तेथून शिखर सुमारें नऊ किलोमीटर, आणि तें पायांनींच गांठावें लागतें. थ्रेडबोच्या बाजूनें वर येणाऱ्या वाटेवर तर जमिनीपासून उंच धरलेली लोखंडी जाळी अंथरली आहे. चालणारा वरून जातो, आणि जाळीखालीं गवत व रानफुलें वाढत राहतात.

एका डोंगरावर रस्त्याखालून वाट काढली, दुसऱ्यावर रस्ताच मागें घेतला. दोन्ही ठिकाणीं विचार एकच होता: जेथें आपली वाट जाते, तेथून पूर्वींपासून दुसऱ्या कोणाची तरी वाट जात असते. बोगदा खणणें हें प्रवाशाचें काम नव्हे. पण नेमलेल्या जागींच मुक्काम करणें, आगीची मनाई असेल त्या दिवशीं चूल न पेटविणें, केरकचरा परत घेऊन जाणें, हीं कामें त्याचींच आहेत. आणि आणखी एक, सर्वांत सोपें. वसंतांत डोंगराच्या पायथ्याशीं रात्रीं घर उभें केलें, कीं जेवण उरकल्यावर बाहेरचा दिवा मालवावा. त्या अंधारांत आकाश उजळून दिसतें, आणि त्याच ताऱ्यांकडे पाहत कोणी तरी आपली वाट शोधीत डोंगराकडे चाललेलें असतें.