भरपाई मेलेल्या जनावराची. दावणीला उरलेल्याचे काय?



खरसुंडीची पौषातली यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, जतची यल्लम्मादेवीची यात्रा ही नावे सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याला देवदर्शनाइतकीच खिलार जनावरांच्या बाजारासाठी ठाऊक असतात. माणदेशातला कोरडवाहू शेतकरी लहान खोंड विकत घेतो, पोटच्या पोरासारखा वाढवतो, त्याला औताची सवय लावतो आणि यात्रेत विकतो. पावसाने दगा दिला तरी दावणीचे जनावर उपयोगी पडेल, हा त्याचा हिशेब. त्याच्या घरात बँकेतल्या मुदत ठेवीची पावती नसते. जनावर हीच त्याची ठेव, आणि बाजार ही ती मोडण्याची जागा. सप्टेंबर २०२२ मध्ये ही जागा सरकारी अधिसूचनेने बंद झाली.

कारण उघड होते. लंपी चर्मरोगाची भारतातील पहिली नोंद २०१९ साली ओडिशात झाली. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्याने हाहाकार उडवला, आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून तो महाराष्ट्रात शिरला. महिनाभरात शासनाने २००९ च्या प्राणी-रोग प्रतिबंध कायद्याखाली सारे राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवले. गोवर्गीय जनावरांची ने-आण, बाजार, प्रदर्शने आणि शर्यती यांवर बंदी घातली.

ही बंदी चुकीची होती असे कोणी म्हणू नये. डास, चावऱ्या माशा आणि गोचीड या रोगाचे विषाणू एका जनावरापासून दुसऱ्यापर्यंत नेतात. पण डास काही शंभर कोस चालत नाही. दूरच्या जिल्ह्यात रोग पोचतो तो टेम्पोत चढवलेल्या जनावराबरोबर. शेकडो दावणी एका माळावर एकत्र आणणारा बाजार हे रोगाला दिलेले आमंत्रणच ठरले असते. बुळकांडीसारखा भयंकर रोग या देशातून हटला तोही लसीकरण, तपासणी नाके आणि शिस्त यांच्याच बळावर. आणि ते काम कोणा खाजगी कंपनीने नव्हे, सार्वजनिक यंत्रणेने दशकानुदशके खपून केले. तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याने निर्बंधांविरुद्ध ओरड करण्याचे कारण नाही. निर्बंधांचा बोजा कोणाच्या पाठीवर टाकला गेला, हे मात्र त्याने विचारलेच पाहिजे.

शासनाने भरपाई जाहीर केली. दुधाळ जनावर दगावल्यास ३० हजार रुपये, ओढकाम करणारे दगावल्यास २५ हजार, वासरू दगावल्यास १६ हजार. लसीकरण मोफत झाले. राज्यात २० हजारांहून अधिक जनावरे मेली, त्यांच्या मालकांपैकी अनेकांना त्या रकमेचा आधार झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यातील गोवंश सुमारे १ कोटी ३९ लाख. बहुतेक जनावरे जगली. जी जगली, पण विकता आली नाहीत, त्यांच्यासाठी या तरतुदीत एक पैसाही नव्हता. मेलेल्या जनावराला किंमत होती. जिवंत, निरोगी, लस टोचलेले आणि रोज पेंड-कडबा खाणारे जनावर मात्र सरकारच्या हिशेबात कुठेच नव्हते.

बाजार बंद झाला म्हणून व्यवहार थांबत नाही, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुलीचे लग्न, दवाखाना, सोसायटीचा हप्ता यांना कोणी नियंत्रित क्षेत्र ठरवलेले नसते. मग हेडी गोठ्यावर येतो. भर बाजारात चार गिऱ्हाइके असतात, रुमालाखाली बोटे धरून भाव फुटतो, न पटल्यास जनावर माघारी आणता येते. गोठ्यावर आलेला हेडी एकटाच असतो आणि समोरच्याची अडचण त्याला पुरती ठाऊक असते. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीने म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलेले नव्हतेच. बाजारबंदीने तरण्याचेही गिऱ्हाईक आणखी कमी केले. असे आडवाटेने विकलेले जनावर रात्री, कागदाशिवाय, तपासणीशिवाय हलते. म्हणजे ज्या संसर्गाला अडवण्यासाठी नियम केला, त्याच संसर्गाला गरज वाट करून देते. अंगावर गाठी दिसलेले जनावर लपवण्याचा मोहही याच टंचाईतून येतो. जगलेल्या जनावरासाठी मदत ही दयेची मागणी नाही. ती रोगनियंत्रणाचाच भाग आहे.

दुसरीकडे पाहावे. १५ ऑक्टोबर २०२२ पासून गाळप हंगामाला परवानगी मिळाली. बीड-नगरकडून ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येणार होत्या. तेव्हा मार्ग निघाला: लस टोचून २८ दिवस झालेले, कानात बिल्ला असलेले, आरोग्य प्रमाणपत्र मिळालेले जनावर हलवता येईल. मार्ग योग्यच होता, आणि त्या कामगारांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या. पण कारखान्याला बैल हवे असतात तेव्हा वाट सापडते, आणि आटपाडीच्या शेतकऱ्याला खोंड विकायचा असतो तेव्हा ती तितक्या तातडीने सापडत नाही. (शर्यतींच्या बंदीवर ज्या पुढाऱ्यांनी वर्षानुवर्षे सभा गाजवल्या, त्यांचा आवाज बाजारबंदीच्या वेळी फारसा ऐकू आला नाही, हेही नोंदवून ठेवावे.)

जिवंत जनावरावर सरकारने खर्च कसा करावा, असे विचारणाऱ्यांनी २०१२-१३ चा दुष्काळ आठवावा. माण, खटाव, आटपाडी, जत येथे चारा छावण्या उघडल्या तेव्हा शासनाने प्रत्येक जनावरामागे रोजचे अनुदान दिलेच होते. इंग्लंडमध्ये २००१ साली लाळ-खुरकताची साथ आली, तेव्हा वाहतूकबंदीमुळे गोठ्यात अडकून पडलेली निरोगी जनावरेही सरकारने पैसे देऊन मालकांकडून उचलली. ती तेथे कापली गेली. येथे तसे करणे कोणी सुचवणार नाही. पण अडकलेले जनावर हा मालकाचा खाजगी दुर्दैवाचा भाग नसून सार्वजनिक निर्णयाचा परिणाम आहे, एवढे तरी त्या भांडवलशाही सरकारने कबूल केले.

यादी कोठून आणणार, हा अधिकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. यादी कानातच लटकते आहे. बारा आकडी बिल्ल्यावरून जनावर, मालक आणि लसीची तारीख यांची नोंद निघते. बाजारबंदी ज्या दिवशी लागू होईल त्या दिवसापासून अल्पभूधारकाच्या जनावरामागे छावणीच्या धर्तीवर चारा-अनुदान. जिल्हा बँकेच्या पशुधन कर्जाच्या हप्त्यांना बंदी उठेपर्यंत स्थगिती. आणि साथ ओसरू लागताच २८ दिवसांचा नियम पाळणाऱ्या जनावरांसाठी तालुक्यातल्या तालुक्यात, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लहान बाजार. या तीन मागण्या अधिसूचनेच्या मजकुरातच याव्यात, नंतर कोणाच्या मेहेरबानीने नव्हे.

२०२३ च्या पावसाळ्यात हा रोग राज्यात पुन्हा दिसला. आटपाडीच्या पाणी परिषदांनी १९९३ पासून तेरा दुष्काळी तालुक्यांना एका मागणीवर आणले, ते गावोगाव जाऊन केलेल्या कामातून. त्याच गावांत आता कार्यकर्त्यांनी गोठ्यागोठ्यांत जाऊन २०२२ च्या हिवाळ्यात कोणाचे जनावर विकायचे राहिले, कोणी किती भावाने गोठ्यावर दिले आणि त्यासाठी कर्ज कोठून काढले, हे लिहून काढावे. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना निवेदनाच्या मागे ही वही जोडलेली असावी.