ज्या, जीवा आणि साइन

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावले आहे, "तू इतकी वर्षं कॉलेजात काय शिकवलंस ते पंधरा मिनिटांत सांग, आणि आम्हाला कळेल असं सांग." दुसरी अट जास्त कठीण आहे. मी विचारांचा इतिहास शिकवते असे म्हटले की समोरचा माणूस जरा गोंधळतो. राजांचा इतिहास समजतो, लढायांचा समजतो. किल्ला पाहता येतो, नाणे हातात घेता येते. विचार कुठे उकरून काढायचा?

त्याचे उत्तर असे की, विचार शब्दांत सापडतो, कोष्टकांत सापडतो आणि भाषांतरांत तर फार चांगला सापडतो. आज त्याचे एकच उदाहरण घेते, आणि ते मुद्दाम आपल्या भूमितीच्या पुस्तकातले घेते. पहिल्या रांगेत आपले गणिताचे सर बसले आहेत, म्हणून जरा धाकधूक आहे.

वर्तुळाच्या प्रकरणात आपण 'जीवा' शिकलो. परिघावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. पुढे त्रिकोणमितीत 'साइन थीटा' आला. समोरची बाजू भागिले कर्ण. जीवा हा आपला शब्द, साइन हा इंग्रजी शब्द, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असेच आपल्यापैकी बहुतेकांनी धरून चालले असेल. खरे म्हणजे हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत. एक घरी राहिला, दुसरा बगदाद आणि स्पेन करून परत आला. मधल्या प्रवासात त्याचा चेहरा इतका बदलला की घरच्यांनीच त्याला ओळखले नाही.

हा प्रवास क्रमाने सांगते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाला टॉलेमी नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. ग्रहांची स्थाने काढण्यासाठी त्याने एक मोठे कोष्टक दिले. अर्ध्या अंशापासून १८० अंशांपर्यंत, दर अर्ध्या अंशाला, त्या कोनासमोरची जीवा किती लांब, ते त्यात होते. संपूर्ण जीवा, बरे का. पण आकाशाच्या गणितात बऱ्याच वेळा लागते ती अर्धी जीवा. म्हणजे कोन दुप्पट करा, कोष्टकात पाहा, आलेले उत्तर निम्मे करा, असा खटाटोप.

ग्रीकांचे ज्योतिष इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत भारतात आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून ग्रीक जगाशी व्यापार चालतच होता. आपल्या कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. वराहमिहिराने सहाव्या शतकात ज्या पाच सिद्धांतांचा सारांश दिला, त्यांत एकाचे नाव 'रोमक' आणि एकाचे 'पौलिश' आहे. त्यांबरोबर शब्दही आले. 'होरा' हा ग्रीक, आणि 'केंद्र' हाही ग्रीक! मूळ शब्द 'केंट्रॉन', म्हणजे टोकदार अणी. कंपासचे जे टोक आपण कागदात रुतवतो, तेच ते. वर्तुळाच्या मधोमध बसलेला आपला अस्सल वाटणारा शब्द असा बाहेरून आलेला आहे.

आता भारतात काय झाले ते पाहा. आर्यभटाने आपल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात, म्हणजे ४९९ च्या सुमारास, संपूर्ण जीवेऐवजी अर्ध्या जीवेचेच कोष्टक दिले. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणतात. परिघाचा तुकडा म्हणजे धनुष्य, त्याची दोरी म्हणजे ज्या, आणि तिची अर्धी ती 'अर्धज्या'. पुढे बोलता-लिहिताना 'अर्ध' गळाला आणि नुसती 'ज्या' उरली. आर्यभटाने वर्तुळाचा परीघ ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० कला धरला. त्या हिशेबाने केंद्रापासून परिघापर्यंतचे अंतर ३,४३८ कला येते. मग दर २२५ कलांना, म्हणजे पावणेचार अंशांना, एक अशा २४ ज्या त्याने मांडल्या. त्याही कशा, तर एकीतून दुसरीत होणारी वाढ एकाच श्लोकात बसवून, म्हणजे पाठ करायला सोपे.

इथे एक क्षण थांबते, कारण 'त्रिज्या' या शब्दाचे गुपित इथे आहे. एक राशी ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश. ९० अंशांची ज्या केवढी? बरोबर केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी. म्हणून त्या अंतराचे नाव तीन राशींची ज्या, त्रिज्या. आपण सातवी-आठवीत 'साइन ९० बरोबर १' हे सूत्र नकळत तोंडाने म्हणत होतो!

आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, खलिफा अल्-मन्सूरच्या काळात, भारतातला एक सिद्धांतग्रंथ बगदादला पोचला आणि त्याचे अरबीत भाषांतर झाले. 'ज्या' साठी अरबांनी नवा शब्द न घडवता 'जीवा' च उचलला आणि 'जीब' असा लिहिला. अरबी भाषेत त्याला काही अर्थ नव्हता. पण त्याच अक्षरांत लिहिला जाणारा 'जैब' हा अरबी शब्द होता. त्याचा अर्थ अंगरख्याच्या गळ्याजवळची चुणी, घडी. स्वरचिन्हे न घालता लिहिलेला शब्द वाचणाऱ्याने ओळखीच्या शब्दासारखा वाचला. हाच 'जैब' पुढे फारसीतून हिंदुस्थानात आला तो 'जेब' म्हणून. हिंदी सिनेमातला जेबकतरा नात्याने त्रिकोणमितीचा शेजारी लागतो.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरे होऊ लागली. भाषांतरकारांनी 'जैब' चा सरळ अर्थ घेतला. घडी, खोलगट जागा. लॅटिनमध्ये त्याला शब्द 'सायनस'. सर्दी झाली की आपल्याला ज्या सायनसचा त्रास होतो, तोच हा शब्द. त्याचा इंग्रजीत झाला 'साइन'. धनुष्याची दोरी अशी कपड्याच्या चुणीत जाऊन हरवली.

मात्र शब्द चुकीचा वाचला गेला तरी गणित चुकले नाही. उलट ते वाढले. अरबी आणि इराणी विद्वानांनी सावल्यांच्या मोजणीतून आज आपण ज्याला टॅन म्हणतो त्याची कोष्टके केली. तेराव्या शतकात नासिरुद्दीन तूसीने त्रिकोणमितीला खगोलशास्त्रापासून सोडवून स्वतंत्र विषय म्हणून मांडले. पंधराव्या शतकात जर्मनीच्या रेगिओमोंटानसने ते युरोपात नेटकेपणाने लिहिले. प्रत्येकाने आधीच्याकडून घेतले आणि स्वतःच्या अडचणीसाठी वळवून घेतले.

आता मूळ प्रश्नाकडे येते. विचारांचा इतिहास यातून काय पाहतो?

आमच्या विषयाला शिस्त लावण्यात अमेरिकेच्या आर्थर लव्हजॉय यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे १९३६ चे पुस्तक एकाच कल्पनेचा प्लेटोपासून पुढे माग काढते. कल्पना हा एक घटक, तो काळातून वाहत येतो, आपण त्याच्या मागे चालायचे, अशी ती रीत. १९६९ मध्ये क्वेंटिन स्किनर या इंग्रज अभ्यासकाने तिला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे, की जुन्या लेखकाच्या तोंडी आपला आजचा विचार घालू नका. तो कोणाला उत्तर देत होता, कशासाठी लिहीत होता, ते आधी शोधा. मला दोन्ही लागतात. लव्हजॉय नसते तर ज्या आणि साइन यांचे नाते शोधावेसे वाटले नसते. स्किनर नसते तर आर्यभटाच्या वर्गात कोणी 'समोरची बाजू भागिले कर्ण' शिकवत होते, असे मी समजून बसले असते. तसे नव्हते. त्याची ज्या ही लांबी होती, गुणोत्तर नव्हते. तिचे काम काटकोन त्रिकोण सोडवणे नव्हते, ग्रह आज कुठे आहे ते सांगणे होते.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते? आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तऱ्हेचे निरोप येतात. एक म्हणतो, जगातले सगळे ज्ञान आपलेच, बाकीच्यांनी ते चोरले. दुसरा म्हणतो, आपल्याकडे होते काय, जे आहे ते सगळे पश्चिमेचे. एकाला 'केंद्र' कुठून आला ते अडचणीचे वाटेल, दुसऱ्याला 'साइन' कुठून आला ते. दोघांनाही शर्यत कोण जिंकले एवढेच हवे असते. पण भांड्यावर नाव घालतात तसे विचारावर नाव घालता येत नाही. ग्रीक जीवा अर्धी केली हे आर्यभटाच्या परंपरेचे मोठेपण आहे. ते सांगताना ग्रीकांचे देणे लपवायची गरज नाही, आणि ग्रीकांचे देणे सांगताना आर्यभट लहान होत नाही.

आणि सगळेच विचार प्रवास करत नाहीत. चौदाव्या शतकात केरळात संगमग्रामाचा माधव नावाचा गणिती झाला. ज्या कितीही अचूक काढता यावी म्हणून त्याने न संपणाऱ्या पदांची श्रेणी शोधली. तसेच निष्कर्ष न्यूटन आणि लाइबनित्स यांच्याकडे सतराव्या शतकात आले. माधवाचे काम शिष्यांनी जपले. ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात ते उपपत्तींसह 'युक्तिभाषा' या ग्रंथात लिहिले, आणि तेही संस्कृतात नाही, तर मलयाळममध्ये. पण त्या मोजक्या गुरुशिष्यांबाहेर ते फारसे गेले नाही. १८३० च्या दशकात चार्ल्स व्हिश या कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यावर लेख लिहिला, तेव्हा ते युरोपीय अभ्यासकांपुढे आले. विचार खरा असून भागत नाही. त्याला भाषांतरकार लागतो, नक्कल करणारा लागतो, शिकवणारा लागतो.

हे महाराष्ट्रातल्या एका माणसाला फार पूर्वी कळले होते. चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तिथे मठ काढला, असे त्यात लिहिले आहे. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला काय काय द्यायचे ते सांगताना तो मराठीत येतो. द्यायचे कोणाला कळायला हवे? बाजारातल्या माणसाला! म्हणून मराठी.

मला या लेखाचे फार अप्रूप वाटते. नातवाने आजोबांचे स्मारक उभारले ते पुतळ्याच्या रूपाने नाही, तर शिकवणे चालू राहील अशी सोय करून. आणि मठाचे काम एकाच देणगीवर सोडलेले नव्हते. दरवेळी थोडे थोडे येत राहील, अशी व्यवस्था होती.

मित्रहो, दुपारच्या सत्रात आपण बॅचच्या निधीचे काय करायचे ते ठरवणार आहोत. कमानीचा प्रस्ताव आहे, रंगकामाचाही आहे. माझे कमानीशी भांडण नाही. पण शाळेचे ग्रंथालय आज कुलपात आहे, कारण ते उघडून बसायला माणूस नाही. मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होत चालल्या आहेत, हे आपण सगळे पाहतो आहोत. आपल्यातले जे विज्ञान शाखेला गेले, त्यांना आठवत असेल, अकरावीत पहिल्याच आठवड्यात त्रिज्येचा 'रेडियस' झाला आणि आपले शब्द कमी प्रतीचे आहेत असे वाटून आपण ते गिळून टाकले. ते शब्द कमी प्रतीचे नव्हते. त्यांत पंधराशे वर्षांचा हिशेब होता. आपल्या सर-बाईंनी तो आपल्या हाती दिला होता. पुढच्या मुलांना इंग्रजी जरूर यावे, पण 'साइन' म्हणताना 'जीवा' आठवावी, एवढी माझी इच्छा आहे.

म्हणून माझी सूचना अशी. निधीतली काही रक्कम ठेव म्हणून ठेवावी, आणि तिच्या व्याजातून, कमी पडेल ते दरवर्षी आपण घालून, शाळा सुटल्यावर रोज दोन तास ग्रंथालय उघडे ठेवणारा एक माणूस नेमावा. आपल्यातले जे निवृत्त आहेत, त्यांनी आळीपाळीने तिथे बसावे. पहिला महिना मी बसेन.

सर, बाई, तुम्ही शिकवलेले शब्द अजून कामी येतात, हे तुमच्यासमोर सांगायला मिळाले, याचा मला फार आनंद आहे. तुम्हा सर्वांना नमस्कार करते आणि माझे बोलणे संपवते.