दम राखून धावणं



पोलीस भरतीमुळे गावोगावी धावणं सुरू झालं. मुलं १६०० मीटर धावतात, मुली ८००. कित्येक पोरं १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढतात. म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटं २६ सेकंद. हा आकडा ध्यानात ठेवा.

आता १९२० सालात चला. बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावले. तेव्हाचं अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पार करून १९वा क्रमांक मिळवला. भागाकार करा: किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटं. म्हणजे भरतीचा पोरगा चौगुल्यांपेक्षा जोरात पळतो! पण तो १६०० मीटरवर थांबतो. चौगुले त्याच्या सव्वीसपटीहून जास्त अंतर पळत राहिले. वेग तुमच्याकडे आहे. तो पुरवून वापरणं शिकायचं आहे.

शरीरात इंधन दोन प्रकारचं. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन थोडं असतं, चरबी भरपूर. जोरात पळालं की ग्लायकोजेन झपाट्यानं जळतं. सावकाश पळालं की चरबीही हातभार लावते. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अनेकांचे पाय अचानक जड होतात, ते ग्लायकोजेनचा साठा संपत आल्यामुळे. पहिल्या अर्ध्या मॅरेथॉनला मीही भरतीच्या वेगानं सुटलो होतो. चौदाव्या किलोमीटरला पाय उचलेनात.

म्हणून आठवड्यातलं बहुतेक धावणं जोडीदाराशी गप्पा मारता येतील इतकंच जोरात ठेवा. एक दिवस वेगाचा. एक दिवस लांब पल्ल्याचा. तो दर आठवड्याला थोडाच वाढवा आणि चौथ्या आठवड्याला कमी करा. स्पर्धेआधीचे दोन आठवडे अंतर घटवा, पायांना विसावा द्या. आदल्या रात्री रोजचाच भाकरी-भात खा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट नकोत, नवं खाणंही नको. आपल्याकडचं ऊन ओळखून सराव उजाडताच उरका. लांब पल्ल्याला मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट घ्या.

वडीलधाऱ्यांना हे दम राखणं नवं वाटणार नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, महिनाभर चालते. पहिल्याच दिवशी कोणी धावत सुटत नाही. रोजचा मुक्काम ठरलेला असतो, उद्याची चाल आजच राखलेली असते.

उद्या पहाटे एवढंच करा. अर्धा तास एका दिशेनं जा आणि माघारी फिरा. परतीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तर जाताना घाई झाली. परवा जरा सावकाश निघा. ज्या दिवशी परतीचा वेळ कमी भरेल आणि घराशी पोचूनही बोलण्याइतका दम उरेल, त्या दिवशी लांबच्या शर्यतीत नाव द्या.